हातात मावणारं गाव

परवा फुलंब्रीला निघाले होते. चौक्याचा घाट मागं पडला आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सीताफळांच्या पाट्या दिसायला लागल्या. खाली पाला, वर हिरवी-काळसर फळं, आणि मागं डोक्यावर पदर घेऊन बसलेली बाई, एकेक फळ हातात घेऊन हलकेच दाबून बघणारी. शेतात कपाशी फुटलेली. अर्ध्या रस्त्यावर मका वाळत घातलेला, आणि एसटीचा ड्रायव्हर त्याला सवयीनं वळसा घालत चाललेला. दर वर्षीचंच हे सगळं. पण गेली तीन वर्षं हे दिवस आले की मला एक जपानी वाक्य आठवतं. त्याचा खरा अर्थ मला ठाऊक होता, आणि मी तो सांगितला नव्हता.

मी जपानी भाषेची दुभाषी आहे. शेंद्र्याच्या कारखान्यांत जपानी साहेब येतात, त्यांचं बोलणं मी मराठीत-हिंदीत आणते आणि इथल्या लोकांचं जपानीत नेते. संध्याकाळी पुंडलिकनगरातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत जपानीचे वर्ग घेते. येणाऱ्या बहुतेकांना नोकरी हवी असते. नाझनीनला नको होती. ती कटकट गेटकडची, कॉम्प्युटर इंजिनिअर झालेली. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना विचारलं, जपानी कशाला शिकायचंय? नाझनीन म्हणाली, "मला गेम बनवायचाय, सेन्सेई. और वो जापान में बिकना."

सेन्सेई म्हणजे गुरुजी, बाई, मॅडम, सगळं एकातच. तिनं मला त्या दिवसापासून दुसऱ्या नावानं हाक मारली नाही.

"जपानमध्येच का?" मी विचारलं.

"क्योंकि वहाँ के लोगां अब्बी भी हाथ में पकड के खेलते. इथं सगळे फोनवर फुकट खेळतात आणि जाहिराती बघतात. तिथं लोक कन्सोलसाठी, म्हणजे गेम खेळायच्या छोट्या यंत्रासाठी, वेगळा गेम विकत घेतात. त्याला मान आहे तिथं."

तिचा गेम अर्धा तयार होता. आपल्या शहराच्या पोटात जुनी नहर आहे. हर्सूलच्या बाजूनं डोंगरातलं पाणी खापराच्या नळांतून जमिनीखालून गावात यायचं. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी हे बांधलं, आणि आपण त्याच्यावरून रोज रिक्षा पळवतो. नाझनीनच्या गेममध्ये तुम्ही वर गावात फिरता आणि खालचं पाणी मोहल्ल्या-मोहल्ल्यात पोचवता. पाणी दिसत नाही, फक्त ऐकू येतं. कुठं खळखळतंय, कुठं अडलंय, हे कानानं ओळखायचं. त्यासाठी ती हर्सूल तलावाच्या सांडव्याशी चार-चार तास बसून पाण्याचे आवाज घेऊन आली होती. मी तोवर कधी गेम खेळले नव्हते. तिनं माझ्या कानांना हेडफोन लावला आणि पायाखालून पाणी गेल्याचा आवाज आला, तेव्हा मी खुर्चीत पाय वर घेतले. ती हसत सुटली.

घरी तिनं एक वर्ष मागून घेतलं होतं. डिसेंबरपर्यंत काही जमलं नाही तर पुण्याच्या कंपनीत रुजू व्हायचं, असं अब्बांशी ठरलेलं होतं. अब्बा शब्दाचे पक्के. त्यांनी वर्षभर एकदाही विचारलं नाही, आणि नाझनीनला त्याचंच जास्त दडपण होतं.

जपानमधल्या एका छोट्या प्रकाशन कंपनीला तिनं पत्र लिहिलं. बाहेरच्या देशांतले लहान गेम निवडून ते तिथल्या हातातल्या कन्सोलवर आणायचे. पत्रातली भाषा मी तपासून दिली. उत्तर आलं: आमच्या एक बाई ऑक्टोबरच्या सुरुवातीला अजिंठा बघायला तुमच्याच शहरात येणार आहेत. त्यांना दाखवा.

त्या कुवाहारा-सान, म्हणजे आपल्याकडच्या कुवाहाराबाई. साठी ओलांडलेल्या, आखूड केस, गळ्यात छोटा टॉवेल. तीस वर्षं त्यांचं एका गावात स्टेशनजवळ खेळण्यांचं दुकान होतं. दुकान बंद झालं, आणि मग त्या कंपनीनं त्यांना बोलावलं. कंपनीतल्या मुलांना गेम कळायचे, यांना गिऱ्हाईक कळायचं.

अजिंठ्याला आम्ही तिघी एका गाडीतून निघालो. मी पुढं, त्या दोघी मागं. हर्सूल गेल्यावर नाझनीननं आपला गेम चढवलेलं कन्सोल त्यांच्या हातात दिलं, आणि सोबत हेडफोन. कुवाहारा-साननं हेडफोन घेतला, नीट गुंडाळला, बाजूला सीटवर ठेवला. मग कन्सोलचा आवाज पूर्ण बंद केला आणि खेळायला सुरुवात केली.

नाझनीननं मागून माझा खांदा दाबला. "आवाज के बगैर कैसे खेलेंगी वो? विचारा ना."

मी विचारलं. त्या मान वर न करता म्हणाल्या, "मी गाडीत खेळते तशीच खेळतेय. आमच्याकडं आगगाडीत आवाज कुणी करत नाही. आणि कान बंद केले तर माझं स्टेशन आलेलं मला कसं कळेल?"

सावंगी गेली, चौका गेलं. त्या पहिल्याच टप्प्यात अडकलेल्या. न ऐकू येणारं पाणी शोधत होत्या. फुलंब्रीच्या अलीकडं त्यांना सीताफळांच्या पाट्या दिसल्या आणि त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. बाईनं फळ मधोमध उकललं. कुवाहारा-साननं आधी वास घेतला, मग एकेक पाकळी तोंडात घालून बिया ओंजळीत जमवल्या. दोन फळं खाल्ली. बोटं चिकट झाली म्हणून बाटलीतल्या पाण्यानं धुतली, टॉवेलला पुसली. गाडीत बसून कन्सोल उघडलं आणि बराच वेळ पडद्याकडं बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मी इथं काय करत होते?"

नाझनीनला एवढं जपानी कळत होतं. 

येताना संध्याकाळच्या उजेडात कुवाहारा-सान दुकानाबद्दल सांगत होत्या, आणि मी वळून वळून ते नाझनीनला सांगत होते. आमची घरं लहान, त्या म्हणाल्या. घरात टीव्ही एक. त्याच्यासमोर वडील बसणार. मोठं कन्सोल घ्यायचं तर टीव्ही मागावा लागणार. पण हातातलं कन्सोल दप्तरात जायचं, कोटाच्या खिशात जायचं. त्यासाठी कुणाची खुर्ची रिकामी व्हायची वाट बघावी लागायची नाही. थंडीत आम्ही सगळे एका गरम टेबलाखाली पाय घालून बसतो. आई संत्री सोलतेय, वडील टीव्ही बघतायत, मुलगा खेळतोय, आणि पाय सगळ्यांचे एकाच पांघरुणात. "लोक मला म्हणायचे, तुम्ही मुलांना एकटं पाडणारी वस्तू विकता. मी तीस वर्षं बघितलं. माणसांना घरातून उठून न जाता थोडं एकटं व्हायचं असतं. ते मी विकत होते."

"आणि फोन आल्यावर?" नाझनीननं विचारलं.

"सगळे म्हणाले, आता हे संपलं. माझं दुकान संपलं, ते खरं. लोक घरबसल्या मागवायला लागले. पण वस्तू राहिली. फोनवर साहेबाचा निरोप येतो. यावर कुणाचाच येत नाही. दिवसभर काम केलेल्या माणसाला हे फार लागतं."

मला ते ऐकताना आमचं फुलंब्रीचं घर दिसलं. टीव्ही एकच, त्याच्यासमोर माझे वडील, अण्णा, बातम्या बघत. मी कॉलेजला रोज बसनं शहरात यायची. सकाळी पाऊण तास, संध्याकाळी पाऊण तास, खिडकीच्या दांड्याला डोकं टेकून. तो दीड तास ना घरचा होता ना कॉलेजचा. तो माझा होता, आणि त्यात करायला माझ्या हातात काहीच नव्हतं. जपानच्या बाजाराबद्दल मोठमोठे अहवाल मी पुढं कामासाठी वाचले. पण त्या दिवशी गाडीत मला जे कळलं ते त्यांत नव्हतं. ती वस्तू तिथं टिकली, कारण तिथल्या माणसाच्या दिवसात तिच्या मापाची एक फट होती. ज्याला गेम विकायचाय त्याला आधी ती फट दिसायला हवी.

हॉटेलच्या दारात निरोप घेताना कुवाहारा-साननं नाझनीनचे दोन्ही हात धरले. छान कल्पना आहे, म्हणाल्या. मग मान किंचित कलती केली, दातांतून श्वास आत ओढला आणि म्हणाल्या, "मुझुकाशी देसु ने."

शब्दशः अर्थ, कठीण आहे हो. पण दहा वर्षं कारखान्यांतल्या बैठकांत बसलेल्या माणसाला विचारा. जपानी माणूस मान कलती करून, श्वास ओढून असं म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ 'नाही' असा असतो. हे जमणार नाही, आणि ते तोंडानं म्हणायची वेळ माझ्यावर आणू नका.

नाझनीननं माझ्याकडं बघितलं. "कठीण म्हणाल्या ना?"

"हो," मी म्हणाले. "कठीण आहे म्हणाल्या."

माझ्या कामाची एक खोड आहे. दोन्ही बाजूंना लागू नये म्हणून मी शब्दांच्या कडा घासत असते. त्या दिवशी तर घासायचीही गरज नव्हती. शब्द बरोबर होता, आणि मी त्याच्या आड उभी राहिले.

नाझनीन घरी जाऊन कामाला लागली. गेम कठीण आहे ना, मग सोपा करू. पुढचे तीन आठवडे दर वर्गानंतर ती थांबायची आणि मला नवे टप्पे दाखवायची. चार वाटांच्या जागी दोन वाटा. अडलेलं पाणी आपोआप सुटायचं. गेममधलं गाव दिवसेंदिवस मऊ होत होतं, आणि मी "छान, छान" म्हणत होते.

एका संध्याकाळी ती खूश होऊन म्हणाली, "अब तो मेरी दादी भी खेल लेंगी. आणि अब्बांना सांगून टाकलं, पुण्याला कळवू नका. होणार आहे म्हटलं."

बाकीची मुलं गेली होती. मी तिला बसवलं आणि सांगितलं. त्या वाक्याचा अर्थ काय होता, तो मला त्याच क्षणी कळला होता, आणि मी का बोलले नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग कन्सोल बंद केलं.

"सेन्सेई, तब्बीच बोलना था ना. मेरेको बुरा लगता, एक दिन रोती. पण महिना तर गेला नसता."

"चुकलं माझं."

"तुम्ही मला वाचवत होत्या का स्वतःला?"

"स्वतःला," मी म्हणाले. त्या दिवशी निदान एवढं तरी मला सरळ सांगता आलं.

आठ दिवस ती आली नाही. वर्गात तिची खुर्ची मी उचलली नाही. मी ठरवलं होतं की तिच्या घरी जाऊन अब्बांनाही सांगायचं, चूक तिची नाही, माझी आहे. नवव्या दिवशी सकाळी तीच दारात. पाठीला सॅक, केस घट्ट बांधलेले.

"सेन्सेई, फुलंब्रीची बस कुठून लागते?"

मला क्षणभर कळेना. ती म्हणाली, "जपानची ट्रेन आपल्याकडं नाही. बस तर आहे. रोज जाणारे-येणारे लोक आहेत. त्यांच्या हातात देऊन बघते."

त्या दिवसापासून ती रोज सकाळी बसनं फुलंब्रीला जायची आणि त्याच बसनं परत यायची. शनिवारी मीही सोबत. पहिल्याच दिवशी तिला मोठा धक्का बसला. बसच्या इंजिनाच्या घरघरीत, खिडक्यांच्या तडतडीत आणि कंडक्टरच्या टिकटिकीत तिचं पाणी ऐकूच येईना. तिथं शांततेमुळं आवाज बंद, इथं गोंगाटामुळं. पण खेळणाऱ्याच्या बाजूनं बघितलं तर दोन्हीकडं सारखंच. कुवाहारा-सान जे अडीच तासांत सांगू पाहत होत्या ते चौक्याच्या घाटात पाच मिनिटांत कळलं.

बसमध्ये बोरसेबाई असायच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, शहरातून रोज ये-जा करणाऱ्या. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कन्सोल हातात घेतलं आणि दोन दिवसांत त्यांचे अंगठे सराईत झाले. एकदा शाळेचा फाटा आला. बाई उठल्या, पर्स काखेत मारली, आणि कन्सोल परत देताना अडल्या.

"अगं, माझी शाळा आली. आता ह्या पाण्याचं काय करू? असंच मधी सोडू व्हय?"

नाझनीननं वही काढली आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.

त्या शनिवारी मी तिला आमच्या शेतात नेलं. हंगाम संपत आला होता. बांधावरच्या झाडांना उशिराची, लहान सीताफळं राहिली होती. अण्णांनी ती काढून आमच्यासमोर ठेवली, आणि पोरगी जेवली का, हे मला दोनदा विचारलं. नाझनीन त्यांना गेम समजावून सांगत होती. पाणी खाली आहे, दिसत नाही, आता ऐकूही येणार नाही. मग ओळखायचं कसं?

अण्णा उठले. आम्हाला बांधाच्या पलीकडं घेऊन गेले. तिथं जुनी पाइपलाइन पुरलेली होती, एका सांध्यातून ती कित्येक वर्षं झिरपते. सगळं रान पिवळं पडत चाललेलं, आणि मधून एक हिरवा पट्टा सरळ विहिरीकडं गेलेला.

"हे बघ," अण्णा म्हणाले. "खाली पाणी असलं तर वरचं गवत लपवतं व्हय? इथं कान कशाला लावायचा. बघायचं."

नाझनीन त्या हिरव्या पट्ट्यावरून चालत विहिरीपर्यंत गेली आणि परत आली. पुन्हा गेली. दुसऱ्या खेपेला तिनं चपला काढल्या होत्या.

"अण्णा," ती म्हणाली, "हे मी घेऊ का? गेममध्ये?"

"घे की. गवताला काय धनी हाय."

पुढचा महिना ती घराबाहेर पडली नाही. सोपे केलेले टप्पे तिनं सगळे पुसून टाकले. गाव पुन्हा अवघड झालं, पण तुकड्यांत आलं. एक तुकडा चार-पाच मिनिटांचा. खालून पाणी गेलं की वरच्या फरशांच्या फटींतून गवत हिरवं होत जातं. मध्येच कन्सोल बंद केलं तर पाणी जवळच्या हौदात जाऊन थांबतं, आणि पुन्हा उघडलं की तो हौद आधी समोर येतो, काठावर एक बाई बसलेली असते आणि ती सांगते, तुम्ही इथवर आणलं होतंत. त्या बाईच्या हातात पर्स आहे. बोरसेबाईंना ते दाखवलं तेव्हा त्या लाजल्या आणि म्हणाल्या, पर्स जरा नवी दाखवायची होती.

डिसेंबरच्या मध्याला गेम पाठवला. सोबतच्या पत्रात नाझनीननं मला एक ओळ घालायला लावली: पहिल्या वेळी तुमचं 'नाही' आमच्यापर्यंत उशिरा पोचलं, चूक भाषेची नव्हती. मी ती ओळ जपानीत लिहिली. एकही कड न घासता लिहिली.

अब्बांनी त्या महिन्यात तिला एवढंच विचारलं, पुण्याला काय कळवू? ती म्हणाली, जानेवारीपर्यंत थांबा. ते थांबले. शब्दाचे पक्के असलेल्या माणसानं शब्द महिनाभर पुढं ढकलला, ही त्या घरात मोठी गोष्ट होती.

जानेवारीत कुवाहारा-सानचं उत्तर आलं. दोन ओळींचं. आवाज बंद करून खेळले. हा गेम आपण बाजारात काढू.

मी ते वाचून दाखवलं. नाझनीन म्हणाली, "पुन्हा वाचा. आणि ह्याचा दुसरा कुठला अर्थ असेल तर आत्ताच सांगा."

"दुसरा अर्थ नाही," मी म्हणाले. "काढू म्हणजे काढू."

त्यानंतरही वर्ष गेलं. दुरुस्त्या, चाचण्या, पुन्हा दुरुस्त्या. गेम जपानात आला तेव्हा कुणी ढोल वाजवले नाहीत. तिथं दर आठवड्याला असे कितीतरी येतात. पण तो टिकला. एकानं दुसऱ्याला सांगितलं, तसा हळूहळू चालत राहिला. नाझनीन पुण्याला गेली नाही. तिनं पुंडलिकनगरात आमच्या मागच्याच गल्लीत एक खोली घेतली, आणखी दोन मुली कामाला घेतल्या, दुसरा गेम सुरू केला. अब्बा आता पाहुण्यांना सांगतात, बेटी का माल जापान जाता. माल म्हणजे काय, हे सांगत बसत नाहीत.

माझ्याही कामात फरक पडला. बैठकीत कुणी मान कलती केली की मी शब्दाचा अर्थ सांगते आणि माणसाचाही सांगते. काही साहेबांना आधी ते टोचलं. आता ते मलाच बोलवा म्हणतात.

गेल्या हिवाळ्यात नाझनीन एक निरोप घेऊन माझ्याकडं आली. जपानच्या उत्तरेकडच्या एका माणसानं पाठवला होता. तो रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवतो. बर्फ पडायला लागेपर्यंत गाडीतच बसून राहावं लागतं, कधी दहा मिनिटं, कधी तास. तेवढ्या वेळात मी तुमच्या गावात पाणी पोचवतो, असं त्यानं लिहिलं होतं. शेवटी एक प्रश्न होता. हे गाव खरंच कुठं आहे का? आणि असेल तर तिथल्या लोकांना माहीत आहे का, की मी इथं बर्फात ते हातात धरून बसलेला असतो?

मी वाचून दाखवलं. बाहेर पुंडलिकनगरात नळाला पाणी आलेलं होतं, गल्लीभर मोटारींचा आवाज चालू होता. नाझनीननं निरोप माझ्या हातातून घेतला आणि त्या अक्षरांकडं बघत राहिली. तिला आता बरीचशी वाचता येतात.

"काय लिहू?" मी विचारलं. जपानीत अशा पत्राला उत्तर द्यायचं तर आधी हवामान, मग आभार, मग तब्येतीची चौकशी. मी पेन घेऊन तयार होते.

"एवढं सगळं नको," ती म्हणाली. "लिहा, गाव खरं आहे. लोकांना माहीत आहे. मी इथंच राहते, माझं नाव नाझनीन."

मी तेवढंच लिहिलं.